होडी कुणाच्या जबाबदारीवर

होडी विकणाऱ्या साहेबांचा पहिलाच प्रश्न होता, "तुम्ही लोक हिचं करणार काय?"

मासे मारणार. होडीचं दुसरं काय करतात? पण साहेबांना ते पटेना. पिंपळे सौदागरच्या एका मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन चारचाकींच्या मधे, लाकडी ठोकळ्यांवर, ताडपत्रीखाली त्यांची होडी उभी होती. मोबाइलवरच्या जाहिरातीत त्यांनी लिहिलं होतं : फॅमिली फिशिंग बोट, अगदी कमी वापरलेली. समोर उभी होती ती फॅमिलीच होती. आई, आप्पा आणि मी. फिशिंग हा आमच्या घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. तरी साहेब आमच्याकडे असे बघत होते, जणू आम्ही चुकीच्या मजल्यावर लिफ्टमधून उतरलोय.

आधी आमचं सांगते. आम्ही भोई. आई-आप्पा उजनीच्या पाण्याकाठचे. मी दुसरीत असताना आप्पा चाकणला कंपनीत लागले आणि आम्ही पिंपळे गुरवला दोन खोल्यांत आलो. कंपनी बसचे फायबरचे भाग बनवते. आप्पा कायम कंत्राटावर. एक कंत्राटदार गेला की दुसरा, माणूस तोच, मशीन तेच, फक्त ओळखपत्राची दोरी निळ्याची हिरवी व्हायची. मागच्या वर्षी दोरी कुठल्याच रंगाची मिळाली नाही. सुपरवायझर म्हणाला, "उद्यापासून येऊ नका, फोन करतो." तो फोन अजून यायचा आहे.

आईनं इतकी वर्षं याच पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमधली धुणी-भांडी केली. मी संघटनेचं काम करते. कंत्राटी कामगारांची पत्रकं लिहिते, नदीत सोडलेल्या पाण्याचे फोटो काढते, तक्रारी टाकते. आमच्या गावातून, म्हणजे या शहरातून, तीन नद्या जातात आणि भोयाच्या पोरीनं जाळं टाकावं अशी एकीचीही अवस्था नाही. हे मी पत्रकात लिहिलं की लोक 'छान लिहिलंस' म्हणतात आणि त्याच पत्रकावर वडापाव ठेवून खातात.

पण चाकणच्या पलीकडे धरण आहे. तिथं मामा मासेमारी करतो. तिथल्या मच्छीमार सोसायटीत एका जोडप्याची जागा रिकामी झाली होती. जोडप्याची म्हणते, कारण आमच्यात जाळं पुरुष सोडतो आणि वल्हं बाई मारते. जाळं सोडणं त्यामानानं सोपं. वाऱ्यात होडी एका जागी धरायची, जाळ्याच्या दोरीला ताण पडू द्यायचा नाही, नवऱ्याचा तोल जाऊ द्यायचा नाही, हे सगळं वल्ह्यावरच्या बाईचं काम. म्हणून पास दोघांच्या नावावर मिळतो. अट एकच, होडी स्वतःची पाहिजे आणि पास वाटायच्या दिवशी ती पाण्यात तरंगताना दिसली पाहिजे. नाहीतर यादीतलं पुढचं जोडपं.

आईनं हे ऐकलं त्या दिवशी तिनं मोरीत भांडी घासता घासता सांगून टाकलं, "मला आता लोकांच्या बेसिनपुढं उभं ऱ्हायचं न्हाई." एवढंच. आमच्या घरात जाहीरनामे मी काढते. पण त्या एका वाक्यापुढे माझी सगळी पत्रकं फिकी होती.

नवी होडी परवडणारी नव्हती. मग जुनी शोधायला लागलो. औद्योगिक पट्ट्यात जुनी होडी शोधणं म्हणजे काय असतं ते ज्यानं केलं त्यालाच कळेल. इथं जुना प्रेस मिळतो, जुना कॉम्प्रेसर मिळतो, अख्खा जुना कारखाना मिळतो. होडी म्हटलं की माणसं हसतात. मोशीकडे एक ठेकेदार भेटला, नदीतली जलपर्णी काढायचा. त्याच्याकडे पत्र्याची होडी होती. तिच्या बुडाला इतकी ठिगळं होती की मूळचा पत्रा शोधायला लागला.

"भाऊ, ही बुडती का?" आईनं विचारलं.

"मावशी, नदीत आता पाणीच कुठंय बुडायला? जलपर्णीवर बसती ती."

तो स्वतःच्याच विनोदावर हसला. मी विचारलं, जलपर्णी काढायचं बिल मात्र पाण्याचं लावता की पर्णीचं? तो हसायचा थांबला. आप्पांनी माझा दंड धरून मला गाडीपर्यंत आणलं. "तू होडी बघाया आली हायीस का मोर्चाला?" ते म्हणाले. मी म्हटलं, दोन्हीला.

नंतर साहेबांची जाहिरात दिसली. पास वाटायला नऊ दिवस राहिले होते.

सोसायटीच्या गेटवर वॉचमननं आईची पिशवी, आईच्या चपला, आईची साडी एवढं क्रमानं बघितलं आणि म्हणाला, "कामाला असाल तर मागच्या गेटनं, मावशी."

"होडी घ्यायला आलोय," मी म्हटलं.

"काय घ्यायला?"

"होडी. बोट. पाण्यावर चालती ती."

"इथं?"

त्यानं फोन लावला, आमचे फोटो काढले, नावं टिपली आणि मग आत सोडलं. माझा फोटो काढताना मी त्याचा फोटो काढला. आई पुटपुटली, "त्या गरिबाला कशाला तरास?" बरोबर होतं तिचं. पण मला चीड आली की ती अशी जवळच्या माणसावर आधी निघते. हा माझा जुना दोष आहे आणि त्या दिवशी तो चांगलाच महागात पडायचा होता.

साहेब हिंजवडीत कुठंतरी मॅनेजर. चड्डी-टीशर्टवर खाली आले. ताडपत्री काढली आणि होडी दाखवायला सुरुवात केली. फिरणाऱ्या खुर्च्या दाखवल्या. ग्लास ठेवायची खळगी दाखवली. गळाच्या काठ्या अडकवायच्या नळ्या, उन्हाचं छप्पर, गाणी लावायचा डबा. "ॲक्च्युअली मुलांसाठी घेतली होती. दोनदाच काढली. मुलं बोअर झाली." मिसेस रोज पार्किंगवरून भांडते, रविवारपर्यंत जागा मोकळी करायचीय, हेही त्यांनीच सांगून टाकलं. किंमत जाहिरातीत होती त्यापेक्षा आपणहून खाली आणली. घासाघीस कशी करतात हे त्यांना माहीतच नव्हतं. पगारवाढ मागतानाही हा माणूस असंच करत असेल का, असं माझ्या मनात आलं.

आई चपला काढून होडीत चढली. फिरत्या खुर्चीकडे तिनं बघितलंही नाही. नाळेजवळ, होडीच्या पुढच्या टोकाला, खाली उकिडवी बसली, दोन्ही हात पसरून काठ किती लांब पडतात ते बघितलं, मग हवेत वल्हं मारल्यासारखं केलं. दोनदा उजवीकडे, एकदा डावीकडे.

"आंटी, सीटवर बसा ना," साहेब म्हणाले.

"बसले की," आई म्हणाली.

तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. मी तिला लोकांच्या घरातून परतताना पाहिलंय, सिलिंडरच्या रांगेत पाहिलंय. पाण्यावर बसलेली पाहिल्याचं आठवत नव्हतं. तिथंही पाणी नव्हतंच. फरशी होती, शेजारच्या गाडीचं तेल सांडलेली.

आप्पा खाली वाकून बूड बघत होते. बोटाच्या पेराने ठोकत पुढे सरकत होते. टक टक टक. एका जागी आवाज बदलला. भद्द. त्यांनी परत ठोकलं, परत भद्द. मग त्यांनी मान वर केली आणि चेहरा असा कोरा केला की मला वाटलं त्यांना ऐकूच आलं नाही. मला आलं होतं.

"एक बादली पाणी मिळंल का?" आईनं विचारलं.

"पाणी? कशाला?"

"आत वतून बघायचं."

बोटीच्या आत पाणी ओतायचं, हे साहेबांना उलटंच वाटलं. शिवाय पार्किंगमध्ये पाणी सांडायला सोसायटीची बंदी. शेवटी गाडी पुसणाऱ्याकडून अर्धी बादली मागून घेतली. आईनं ती नाळेकडून हळू ओतली. पाणी मागे गेलं, खुर्चीच्या लोखंडी बुडख्याभोवती साचलं. आई खाली उतरली, चपला घातल्या आणि होडीच्या मागे जाऊन उभी राहिली.

मी वाकले. तिच्या उजव्या चपलेखाली फरशी ओली होत होती. थेंब, थेंब, थेंब. ती त्यावर पाय दाबून उभी होती.

मला वाटलं तिला कळलं नाही. माझ्या आईला, जिचं अर्धं आयुष्य पाण्यावर गेलं तिला, गळकी होडी कळली नाही असं मला वाटलं! संघटनेत चार वर्षं काढली की माणसाला एवढा मूर्खपणा सहज जमतो. आपल्याला दिसलं ते फक्त आपल्यालाच दिसलं असं वाटायला लागतं.

"आई, पाय काढ!" मी ओरडले. "काढ पाय! ही फुटकीये!"

"आगं गप..."

मी मोबाइल काढला. सांडपाण्याच्या पाइपचे फोटो काढते तसे सटासट चार काढले. मग साहेबांकडे वळले आणि सुटले. फुटकी होडी गरिबाच्या गळ्यात मारताय, खुर्च्या दाखवून भोक लपवताय, बुडून मेलो असतो तर दोन ओळींची बातमी आली असती, तुमच्या पोरांना बोअर झालं ते बरं झालं नाहीतर तीच बुडाली असती. हे शेवटचं मी बोलायला नको होतं. पण बोलले. गाडी पुसणारा थांबून ऐकत होता, आणि ऐकणारा मिळाला की माझा आवाज चढतो.

साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. ते वाकले, थेंब बघितले आणि म्हणाले, "ओके. ओके. मग विषयच संपला. मी ही विकत नाहीये. उद्या तुम्हाला काही झालं आणि हे फोटो व्हायरल झाले तर? पोलीस केस होईल. भंगारवाल्याला कापायला देतो मी."

"साहेब, कापाया नका," आप्पा तिथं पहिल्यांदाच बोलले. "आमी घेतो हाय तशी."

"नाही नाही. सॉरी. तुम्ही जा."

आम्ही निघालो. गेटबाहेर आल्यावर आईनं माझ्याकडे न बघता बोलायला सुरुवात केली.

"शाणी हायीस ना तू? लई शाणी. मला ठावं न्हवतं व्हय गळतीय ती? मी कशाला पाय ठिवला हुता, फरशी थंड वाटावी म्हनून?"

मी म्हटलं, मग सांगायचं ना त्यांना, अजून स्वस्त दिली असती.

"दिली असती? अठरा नंबरच्या बाईचा कुकर ठावं हाय का तुला? मला देत हुती. मी खुळी, बोलले, ताई, कान जरा चिरलाय ह्याचा. लगेच माघारी घेतला. तुझ्या अंगावर फुटला तर मला खापर, म्हनली. माझ्यादेखत कचऱ्यात टाकला. ही मानसं वंगाळ न्हाईत, भित्री हाईत. मोडकं हाय ठावं नसलं की देत्यात. ठावं झालं की फेकत्यात, पर देत न्हाईत."

मग आप्पा म्हणाले, "खुर्चीच्या बोल्टनं चिरलंय. हातभर बी न्हाई. बारा वर्सं मी त्येच जोडलंय."

बारा वर्षं. मला ते माहीत होतं. फायबरचा तडा घासायचा, काचेच्या तंतूंची मॅट लावायची, वर रेझिनचा चिकट थर चढवायचा, वाळू द्यायचं. त्या कामाच्या धुळीनं आप्पांची मान रात्रंदिवस खाजायची. माझं पहिलं पत्रक त्या धुळीवर होतं. त्याच हातांना ही होडी कळली होती आणि मी त्यांच्या तोंडावर सिद्ध केलं होतं की त्यांना काही कळत नाही.

पुढचे दोन दिवस घरात माझ्यापुढे नुसतं ताट सरकवलं जायचं. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "तू लिवतीस ना? मंग जा आन्‌ लिवून दे त्येला काय पायजे ते."

मी गेले. एकटी. वॉचमननं या वेळी फोटो काढला नाही, नुसता हसला. साहेब लॉबीत सोफ्यावर बसले. मला बसा म्हणाले नाहीत. मी उभी राहून माफी मागितली. मुलांबद्दल बोलले ते चुकलं, असं मी म्हणाले. ते खरं चुकलं होतं. बाकीच्या माफीतला एक शब्दही मनापासून नव्हता आणि आजही नाही.

"हे बघ, माझं काही पर्सनल नाही," साहेब म्हणाले. "पण मला रिटनमध्ये पाहिजे. डिफेक्ट माहितीये, रिस्क तुमची, नंतर माझ्यावर काही क्लेम नाही. आणि ते फोटो डिलीट. माझ्यासमोर."

"लिहून आणते."

"इथंच लिही. तू तर ॲक्टिव्हिस्ट आहेस ना? येत असेल."

असं म्हणून त्यांनी वर जाऊन प्रिंटरचा कोरा कागद आणला. मी लॉबीतल्या काचेच्या टेबलावर वाकून लिहायला लागले. 'सदर होडीच्या बुडास तडा असल्याची आम्हांस पूर्ण कल्पना आहे.' इथपर्यंत हात चालला. पुढच्या ओळीला थांबला. कारण ती ओळ मला पाठ होती. कंत्राटदार कामावर घेताना ज्या कागदावर सह्या घेतो, त्यात तीच असते. मी ती ओळ पत्रकाच्या मथळ्यात छापली होती, गेटवर उभं राहून वाचून दाखवली होती, कामगारांना ओरडून सांगितलं होतं की यावर सही करू नका, ही ओळ म्हणजे तुमचं मरण तुमच्याच हातानं लिहून घेणं आहे.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

काही नाही. मी लिहिलं. 'कोणतीही इजा अथवा जीवितहानी झाल्यास त्यास आम्ही स्वतः सर्वस्वी जबाबदार राहू.' शुद्धलेखनाची एक चूक नाही. अक्षर माझं नेहमीचं, गोल. फोटो त्यांच्यासमोर पुसले. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "गुड. मराठी छान आहे तुझं."

घरी येऊन आई-आप्पांपुढे कागद ठेवला. गेटवर ज्यांना मी सही करू नका म्हणायचे, त्यांत एकेकाळी आप्पाही असायचे आणि सही करून आत जायचे. त्यांनी वाचलाही नाही. खिशातलं पेन काढून सही केली. आईनं तिच्या नावाची तीन अक्षरं कोरून काढली, अंगठा उठवायचं तिनं कधीच सोडलंय.

"वाच तरी," मी म्हटलं.

"तूच लिवलंय ना?" आप्पा म्हणाले. "मंग?"

मी कागदाची घडी घातली. ज्यांना हा कागद आवडणार नाही ते संघटनेतले माझे सोबती आहेत, आणि त्यांनी मला खुशाल जाब विचारावा. मी त्यांना विचारीन की नऊ दिवसांतले किती उरले होते ते मोजा आणि मला दुसरी होडी दाखवा.

पैसे सवलतीचे नव्हतेच आता, जाहिरातीतली पूर्ण किंमत साहेबांनी परत लावली. तीही आईनं बिनबोभाट दिली. रविवारी मामानं टेम्पो आणला. बुडातलं उरलेलं पाणी पार्किंगमध्ये सांडलं म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीनं आम्हालाच झापलं. साहेब वर गॅलरीत उभे होते. चाकणच्या चौकात ट्रॅफिकमध्ये तास गेला. होडीकडे बघून कंटेनरवाले हॉर्न वाजवून हसत होते.

धरणावर आप्पांनी आधी फिरत्या खुर्च्या उपटून फेकल्या. मग तडा घासायला घेतला. भोसरीतून मॅट आणि रेझिन आणलं होतं. तोंडाला ओला पंचा बांधला आणि आईला वाऱ्याच्या उलट्या बाजूला बसवलं. मी बाजूलाच उभी होते तर माझ्यावर खेकसले, "तिकडं व्हय. काच जाती अंगात." कंपनीत इतकी वर्षं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दिवसभर ते त्या हातभर जागेवर वाकलेले होते. संध्याकाळी परत पेराने ठोकलं. टक.

पास वाटायच्या दिवशी मच्छीमार सोसायटीचे चेअरमन वही घेऊन काठावर आले. म्हातारे, धोतर, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. त्यांनी होडीच्या रंगाकडे, ग्लासाच्या खळग्यांकडे बघितलं आणि विचारलं, "ही काय लग्नातली हाय का?" काठावरचे सगळे हसले. माझं तोंड उघडलं होतं. आईनं नुसतं बघितलं आणि मी ते मिटलं.

"वल्हं कोन मारनार?"

"मी," आई म्हणाली.

"सवय हाय का? वारा लई हाय आज."

आईनं पदर खोचला, नाळेला जाऊन उकिडवी बसली. आप्पा मागे उभे राहिले. कुणीतरी ढकललं आणि होडी पाण्यात गेली. वारा खरंच आडवा होता. होडी आधी फिरली, एकदा अर्धवट तिरपी झाली, आणि काठावर कुणीतरी 'च्च' केलं. मग वल्ही पडायला लागली, दोन उजवीकडे, एक डावीकडे, आणि होडी पाण्याच्या मधोमध जाऊन तिथंच उभी राहिली. वाऱ्यात. जागची हलेना. आप्पांनी वाकून बुडाच्या आत हात फिरवला आणि हात वर करून दाखवला. कोरडा.

चेअरमननी वही उघडली. "नावं सांगा दोघांची," ते मला म्हणाले. मी आईचं आधी सांगितलं.

"आधी बाप्याचं लिवत्यात," ते म्हणाले.

"होडी कोण धरून उभंय ते बघा," मी म्हटलं.

त्यांनी बघितलं. मग काहीतरी पुटपुटत तसंच लिहिलं. तोवर आई-आप्पा अजून लांब गेले होते. मला हाक मारून काही सांगायचं होतं, पण एवढ्या वाऱ्यात ते तिकडे पोचलं नसतं, आणि पोचलं असतं तरी त्यांनी वळून बघितलं नसतं. त्यांचं काम चालू झालं होतं.